गाडीच्या एसीचा कंप्रेसर घरी बदलावा का?

प्रश्न : माझी हॅचबॅक गाडी सात वर्षांची आहे. नवतपा सुरू झाला आणि एसीने मान टाकली. बटन दाबताच बॉनेटखालून कर्कश आवाज येतो, पट्टा जळाल्यासारखा वास सुटतो आणि आत गरम हवाच येते. गॅरेजवाल्यांनी कंप्रेसर, म्हणजे एसीचा गॅस दाबणारा पंप, बदलायला सांगितले आहे. भाचा म्हणतो की हे चार बोल्टांचे काम आहे, कंप्रेसर ऑनलाइन मागवून अंगणातच बसवू. काय करावे?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : बोल्टांपुरते भाच्याचे म्हणणे बरोबर आहे, परंतु खरे काम बोल्ट काढण्याच्या आधी आणि लावल्याच्या नंतर असते. त्यामुळे गॅस काढण्याचे व भरण्याचे यंत्र असलेल्या वर्कशॉपमध्येच हे काम करून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोष कंप्रेसरचाच आहे का, एवढे मात्र आपण घरी पाहू शकता. इंजिन बंद करून थंड होऊ द्या, किल्ली काढून घ्या आणि कंप्रेसरच्या पुलीपुढची क्लचची चकती (पुलीला कंप्रेसरशी जोडणारी) हाताने फिरवून पाहा. ती फिरत असेल तर दोष क्लचचा, बेअरिंगचा किंवा पट्ट्याच्या ताणाचा असू शकतो. मुळीच हलत नसेल तर कंप्रेसर जाम झाला आहे. (ज्यांचा एसी आवाज न करता बंद पडला आहे, त्यांनी कंप्रेसरला दोष देण्याची घाई करू नये, कारण गॅस कमी झाला तरी प्रेशर स्विच क्लच लागू देत नाही आणि फ्यूज किंवा रिले गेल्यावरही लक्षण तेच दिसते.)

आपल्या गाडीच्या वयाच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए हा गॅस असतो. तो हवेच्या सामान्य दाबाला उणे २६ अंशांवर उकळतो. म्हणजे पाइप सैल करताच फवारा हातावर किंवा डोळ्यांत गेला तर कातडी आणि डोळा गोठून इजा होते. शिवाय हवेत सोडलेला हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. म्हणून तो यंत्रानेच काढून घेतला पाहिजे.

जाम झालेल्या कंप्रेसरबाबत सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. आतले भाग घासून धातूचा कीस तेलाबरोबर साऱ्या पाइपांत पसरतो. जुन्या कंप्रेसरमधले तेल पांढऱ्या फडक्यावर ओतून आपल्यासमोर दाखवायला सांगा. ते काळपट, चमकत्या कणांचे निघाले तर कंडेन्सरही (गाडीच्या पुढच्या बाजूचा, गॅस थंड करणारा भाग) बदलावा लागतो, कारण त्याच्या बारीक नळ्यांत अडकलेला कीस धुऊन निघत नाही. पाइप आणि कूलिंग कॉइल फ्लश करून घ्यावी, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये गॅस सोडणारी झडप) नवा टाकावा. ड्रायर (ओलावा शोषणारी डबी) आणि ओ-रिंग (जोडांतल्या रबरी कड्या) तर तेल स्वच्छ असले तरी बदलायलाच हव्यात. नवा कंप्रेसर महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा जाम होतो, तो बहुधा इथे पैसे वाचवल्यामुळेच. आणि ड्रायर बदलल्याचे बिल नसेल तर अनेक विक्रेते वॉरंटीही नाकारतात.

जुन्या कंप्रेसरमधून निघालेले तेल मोजावे आणि कंपनीच्या मापाशी ताडून नव्यात तेवढेच ठेवावे. कंप्रेसरचे हे पॅग तेल हवेतला ओलावा पटकन शोषते, म्हणून पाइपांची तोंडे उघडी सोडू नयेत. त्यानंतर किमान अर्धा तास व्हॅक्युम करून, म्हणजे पाइपांतली हवा यंत्राने ओढून, तो टिकतो का, हे पाहणे आवश्यक आहे.

गॅस मात्र बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅममध्ये, वजनानेच भरून घ्या. “ऊन फार आहे, थोडा जास्त टाकतो,” असे आपल्याकडे मे महिन्यात सर्रास ऐकू येते, आणि हे मला फार खटकते. पारा ४५ अंशांवर असताना दाब आधीच चढलेला असतो; त्यात जादा गॅस म्हणजे नव्या कंप्रेसरवर थेट भार. कंडेन्सरचा पंखा पूर्ण वेगाने फिरतो का आणि त्याच्या जाळीत धूळ साचली आहे का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

प्रश्न : माझी गाडी इलेक्ट्रिक आहे. हाच सल्ला मला लागू पडेल का?
— एक वाचक, वर्धा रोड, नागपूर

उत्तर : आपण चकती फिरवून पाहण्याचाही प्रयत्न करू नये. आपल्या गाडीचा कंप्रेसर पट्ट्यावर नव्हे, तर मोठ्या बॅटरीच्या जीवघेण्या व्होल्टेजवर चालतो. त्याच्या नारिंगी वायरींना हात लावू नका. त्यात बहुधा वेगळे, वीज न वाहणारे तेल लागते, म्हणून त्या गाड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या तंत्रज्ञाकडेच गाडी न्यावी आणि कोणते तेल टाकले ते बिलावर लिहून घ्यावे.