पीटीएचा पैसा वाटून घ्यायचा, पण कोणता?

तुमचा प्रश्न असा: अमेरिकेतल्या एकाच स्कूल डिस्ट्रिक्टमधल्या (एकाच शाळा मंडळाखालच्या) दोन पब्लिक, म्हणजे सरकारी, शाळा. एकीची पीटीए, म्हणजे पालक-शिक्षक संघ, देणग्यांतून कलाशिक्षिकेचा पगार देते, दुसरीला सहलीच्या बसपुरतेही पैसे जमत नाहीत. वाटणीचा विषय काढला की पालक चिडतात. मग सुरुवात कुठून करायची?

आमच्या पीटीए कौन्सिलची, म्हणजे सगळ्या शाळांच्या पीटीएंच्या एकत्रित मंडळाची, मी चार वर्षं खजिनदार होते. आम्ही थेट वाटणीच्या टक्केवारीपासून सुरुवात केली, तिथेच चुकलं. कोणाकडे किती जमतं हे कोणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे चर्चा संशयावरच अडली. आधी प्रत्येक शाळेची जमा आणि खर्च एका तक्त्यात मांडा. न्यूयॉर्क शहराने तर 2018 मध्ये कायदाच करून शाळानिहाय पीटीएची जमा जाहीर करायला लावली.

तक्ता झाला की खर्चाचे दोन भाग करा. सहल, मेळावा, शिक्षकांचं जेवण हे ज्या त्या शाळेकडे राहू द्या; त्यात पालकांचा जीव गुंतलेला असतो. खरी दरी पडते ती पगारांमुळे. जादा शिक्षक, मदतनीस, ग्रंथपाल हे देणगीवर मिळायला लागले की एकाच डिस्ट्रिक्टमध्ये दोन प्रतीचं शिक्षण सुरू होतं. सामाईक करायचा तो हा पैसा.

कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोमध्ये हेच होतं. तिथली पार्टनर्स इन एज्युकेशन ही संस्था सगळ्या शाळांसाठी मिळून निधी उभारते आणि विद्यार्थीसंख्येनुसार वाटते. ओरेगनमधल्या पोर्टलंडची वाट वेगळी होती: पगारासाठी जमवलेले पहिले 10,000 डॉलर शाळेकडे, त्यापुढचा एक तृतीयांश सामाईक निधीत. बरीच वर्षं हे चाललं, पण श्रीमंत शाळांचं पारडं जडच राहिलं. शेवटी 2024 मध्ये तिथल्या शाळा मंडळाने शाळेपुरती देणगी जमवून कर्मचारी नेमणं बंद करायचं ठरवलं. कॅलिफोर्नियातल्याच सँटा मोनिका-मालिबू डिस्ट्रिक्टमध्ये 2011 मध्ये सगळ्या शाळांचा निधी एकत्र करायचा निर्णय झाला तेव्हा मालिबूच्या पालकांनी कडाडून विरोध केला. तशी तयारी ठेवा.

"आमचा पैसा, आमच्या मुलांसाठी" हे ऐकावं लागेलच. मी शांतपणे एवढंच सांगायचे की या देणगीवर करात वजावट मिळते, म्हणजे त्यातला काही भार सगळ्या करदात्यांवर पडतो. शिवाय कंपनीचं मॅचिंग, म्हणजे कर्मचाऱ्याच्या देणगीला जोडून कंपनीने घातलेली रक्कम, मिळतं ते मोठ्या कंपनीत नोकरी असलेल्या पालकांनाच. हॉटेलात दोन पाळ्या करणाऱ्या आईला कुठलं मॅचिंग?

आणखी एक, माझ्या मनाला फार लागलेलं. गरजू शाळेला नुसता चेक देऊ नका. आम्ही एका शाळेला टॅब्लेट दिले. तिथल्या पालकांना हवा होता पालकसभेत बसणारा दुभाषी. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. वाटप समितीत त्या शाळांचे पालक निम्मे तरी हवेत, आणि बैठक त्यांच्या कामाच्या वेळा बघून ठेवा.

तुमच्या कौन्सिलची पुढची बैठक कधी आहे? तोवर निदान तीन शाळांचा तक्ता तयार करा. रकाने कोणते ठेवायचे यात अडलात तर इथेच विचारा, मी मांडून देते.