विचारा बिनधास्त : आरे तुटतायत, रिंग कुठली घेऊ?

प्रश्न : मी भांडुपला राहतो, ऑफिस पवईला. दीड वर्ष झालं सायकलनेच जातोय, एलबीएस रोडवरून गांधीनगर आणि मग जेव्हीएलआरचा (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडचा) चढ. हायब्रिड सायकल आहे, ७०० सी चाकं, टायर २८ मिलिमीटरचे, व्ही ब्रेक (रबर रिंगच्या कडेवर दाबणारे). माझं वजन ८८ किलो आणि कॅरिअरवर लॅपटॉप, डबा वगैरे. या पावसाळ्यात मागच्या चाकाचे आरे तीनदा तुटले, आणि गेल्या आठवड्यात एका गटाराच्या झाकणावरून अशी आदळली की रिंगच्या कडेला पोचा आलाय, ब्रेक मारला की प्रत्येक फेऱ्याला त्या जागी हिसका बसतो. सायकलवाला म्हणतो डबल वॉलची, म्हणजे दोन थरांची रिंग टाका, मित्र म्हणतो स्टीलची टाक, कधी वाकणारच नाही. नक्की कुठली रिंग टिकेल?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : मित्राला चहा पाजा पण त्याचं ऐकू नका. त्याच्या डोक्यात दूधवाल्याची नाहीतर डबेवाल्यांची ती काळी सायकल असणार, आणि ती टिकते हे खरंच आहे, पण ती नुसत्या स्टीलवर टिकत नाही, तिचा टायर जाड असतो आणि मागच्या चाकाला बहुतेक वेळा ४० आरे असतात. तुमच्या व्ही ब्रेकला स्टीलची रिंग लावलीत तर पहिल्याच पावसात कळेल, ओल्या स्टीलवर रबर नुसतं घसरतं, गांधीनगरच्या उतारावर हा प्रयोग नको. शिवाय आपली खारी हवा, दोन पावसाळ्यांत गंज.

सायकलवाला बरोबर बोलतोय, पण अर्धंच. तुमचे आरे तीनदा तुटले ते रिंगमुळे नाही हो, बहुतेक ते ढिले आहेत म्हणून. चाक फिरताना जो आरा खाली येतो त्याचा ताण क्षणभर कमी होतो, वर गेला की परत येतो, आणि तुमचं चाक किलोमीटरला साडेचारशेच्या वर फेरे घेतं. आरा मुळातच ढिला असेल तर प्रत्येक फेऱ्याला हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) भोकात त्याची मान, म्हणजे वाकवलेलं टोक, हलते, आणि तार वाकवून वाकवून तोडतो ना आपण, तसा तो एक दिवस मानेतच तुटतो. मग सायकलवाला तेवढा एक नवीन टाकतो, आउट काढून देतो, म्हणजे चाकाची वाकडी चाल सरळ करतो, बाकीचे तसेच ढिले, पंधरा दिवसांनी शेजारचा जातो. आठवून बघा, तुमचे तिन्ही मानेतच तुटले होते का.

घरी एक करा. सायकल उलटी करा आणि मागच्या चाकाचे फक्त उजवीकडचे, म्हणजे चेनच्या बाजूचे आरे एकेक करून नखाने छेडत जा. सगळे साधारण एकाच सुरात वाजले पाहिजेत. मध्येच एखादा टण्ण ऐवजी थप्प बोलला की तो ढिला. मग डावीकडचे. डावीकडचा सूर उजवीपेक्षा खालीच असणार, त्याला घाबरू नका, मागच्या चाकात उजवी बाजू जास्त ताणलेलीच असते, म्हणून एका बाजूची दुसरीशी तुलना करायची नाही.

आता रिंग. कडेला पोचा आलाय म्हणजे ती बदलाच, पक्कडीने सरळ करून देणारे भेटतील, पण तिथे एकदा चीर गेली की टायरच बाहेर येतो. (मी सायनला एका उचकटलेल्या पेव्हर ब्लॉकवर आपटून अशीच एक सरळ करून घेतली होती, आठ दिवस चालली.) डबल वॉल अलॉयच (अॅल्युमिनियमचीच) घ्या आणि दुकानात स्वतः ओळखा, आतून बघायचं, निपलची (आरा रिंगला धरून ठेवणाऱ्या नटाची) डोकी वरच दिसणार असतील तर सिंगल, खोल भोकात आत बसणार असतील तर डबल. भोकांना स्टीलची आयलेट, म्हणजे कड्या, असतील तर उत्तम. आतली रुंदी १९ ते २१ मिलिमीटर बघा. टायरवर २८-६२२ असं काहीतरी छापलेलं असेल, त्यातला ६२२, म्हणजे रिंगच्या व्यासाचं माप, नव्या रिंगशी जुळलाच पाहिजे.

३६ भोकांची घ्यावी का, तर तुमच्या वजनाला हो, पण तुमचा हब बहुतेक ३२चा असेल आणि ३६ची रिंग त्यावर बसत नाही, म्हणजे हबही नवा. हब चांगला असेल तर उगाच बदलू नका, ३२ आरे नीट ताणले तर ८८ किलो आरामात झेपतात. हब खडखडत असेल तरच दोन्ही ३६चं. आरे मात्र जुने परत वापरू देऊ नका, दुकानदार पैसे वाचवतो म्हणून सांगेल. एक तर ते थकलेत आणि दुसरं म्हणजे नवीन रिंगला लांबी वेगळी लागू शकते. स्टेनलेसचे २ मिलिमीटरचे आरे, पितळेची निपल, आणि चाक हाताने भरून देणाराच माणूस शोधा, काळबादेवीकडे दोनचार दुकानं फिरलात तर सापडेल. शंभरेक किलोमीटर झाले की परत त्याच्याकडेच नेऊन ताण बघून घ्यायचा, हे लोक विसरतात आणि मग रिंगला शिव्या घालतात.

आणि सगळ्यात स्वस्त इलाज शेवटी सांगतोय, २८चा टायर काढा. फ्रेममध्ये आणि ब्रेकखाली जागा असेल तर ३५ किंवा ३७चा टाका, मागे ६० पीएसआयच्या आसपास हवा, पुढे थोडी कमी. काँक्रीट संपून डांबर सुरू होतं तिथली ती पायरी आहे ना, तिचा धक्का आधी टायरने खायचा असतो, रिंगने नाही. बारीक टायरात हवाच कमी मावते, जोरात आदळला की रिंग थेट कडेवर बसते. पंक्चर काढताना ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोकं दिसली तर समजा की हेच झालंय.

ब्रेकचे रबर पण बघत चला. पावसात चिखलाची रेती त्यात रुतते आणि रिंगच्या कडा कानशीने घासल्यासारख्या झिजवते, रबरात चमकणारे अॅल्युमिनियमचे कण दिसतील, ते टाचणीने उकरून काढायचे. कडेवर बोट फिरवून मध्ये खळगा लागला तर रिंगचे दिवस भरले.

प्रश्न : मुलाला नवीन सायकल घ्यायचीय, त्याला ती बाइकसारखी आरे नसलेली मॅग व्हीलवालीच हवी. मजबूत असतात का? — एक आई, माहीम

उत्तर : दिसायला हो. पण ताई, आऱ्यांचं चाक वाकलं तर कोपऱ्यावरचा सायकलवाला आउट काढून देतो, हे वाकलं की वाकलं, अख्खं चाक नवीन, आणि त्याच मापाचं मिळेलच असं नाही. वजनही जास्त. सोसायटीच्या आवारातच फिरवणार असेल तर द्या घेऊन, शाळा-क्लासला रस्त्यावरून जाणार असेल तर आऱ्यांचीच घ्या आणि उरलेल्या पैशात त्याला चांगलं हेल्मेट आणि मागे लाल लाइट.