तळवा, नख आणि नाडीचा काच

प्रिय लेकी,

तळपायाच्या मेलानोमाचं, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींच्या कर्करोगाचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली आणि आता तालुक्यातल्या बचत गटांपुढे त्वचेच्या कर्करोगाविषयी बोलायचं म्हणतेस, हे वाचून फार बरं वाटलं. सोबत पाठवलेलं पोस्टर मात्र वापरू नकोस. समुद्रकिनारा, गोरी पाठ, सनस्क्रीनची बाटली हे चित्र ऑस्ट्रेलियात अगदी योग्य आहे. आपल्याकडची बाई ते बघून म्हणेल, हे काही आपलं दुखणं नव्हे. आणि घरी जाऊन पायातलं कुरूप ब्लेडने कापत बसेल.

सावळ्या त्वचेत मेलानोमा मुळात कमी होतो. पण होतो तेव्हा बहुधा ऊन न लागणाऱ्या जागी, म्हणजे तळवा, तळहात, नखाखाली. बॉब मार्ली या गायकाच्या पायाच्या अंगठ्याला झालेला मेलानोमा फुटबॉलचा मार म्हणून आधी सोडून दिला गेला. १९७७ साली निदान झालं, १९८१ साली तो गेला, वय ३६. तेव्हा सुरुवात पायापासून कर.

तळवा कसा बघायचा ते करूनच दाखव. अंघोळ झाल्यावर पाय कोरडे पुसून, दिवसाच्या उजेडात बसायचं आणि एक पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा. आधी टाच, मग खळगा, मग चवडा. बोटं एकेक फाकवून बेचक्या बघायच्या. माती, मेंदी, चपलेचा रंग साबणाने निघतो. जो डाग निघत नाही त्याच्याशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढायचा आणि महिन्याने त्याच उजेडात पुन्हा. साकळलेलं रक्त असेल तर ते त्वचेबरोबर वर येऊन काही आठवड्यांत निघून जातं. डाग तसाच राहिला, पसरला, कडा वेड्यावाकड्या झाल्या, त्यात दोन-तीन रंग दिसले, तर डॉक्टर गाठायचा. एक गोष्ट आवर्जून सांग, सगळेच मेलानोमा काळे नसतात. काही गुलाबी, ओलसर, मांस वर आल्यासारखे दिसतात आणि चिघळलेली जखम समजून महिनोन्‌महिने मलम लावलं जातं.

नखाबद्दल उगाच घाबरवू नकोस. आपल्या लोकांत बऱ्याच नखांवर तपकिरी उभ्या रेघा असतात आणि त्या बहुधा निरुपद्रवी असतात. एकाच नखावर नव्याने आलेली, तीन मिलिमीटरहून रुंद, रुंदावत चाललेली पट्टी संशयाची. तिचा काळपटपणा नखाच्या मुळाकडच्या कातडीवर उतरला असेल तर एक दिवसही थांबायचं नाही.

यानंतर कमर. बायका इथे हसतील, हसू दे. परकराची नाडी रोज एकाच जागी आवळली जाते, घाम साचतो, कातडी काळी पडते, जाड होते, सोलते, पुन्हा सोलते. हा काळा पट्टा म्हणजे कर्करोग नव्हे, तो घरोघरी असतो. पण तिथली जखम वर्षानुवर्षं भरली नाही तर क्वचित तिचा कर्करोग होतो. टाटा मेमोरियलचे डॉ. वसंत खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ साली धोतराच्या काचाने होणारा कर्करोग नोंदवला होता. २०२४ साली वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी कमरेवर असाच कर्करोग झालेल्या दोन बायकांची माहिती छापली, लुगडं आणि परकर यांच्या काचाची. उपाय बिनखर्चाचा आहे. बारीक दोरीऐवजी रुंद पट्टी, गाठ रोज वेगळ्या बाजूला, घरात असताना सैल कपडे.

भाजल्याचे जुने व्रणही विचार. कधी कधी तीस-तीस वर्षांनी त्यांत जखम होते, काठ उलटतात, वास येतो, तोही कर्करोग असू शकतो. तुकडा तपासणीला घेताना तो काठावरून, दोन-तीन जागांहून घ्यावा लागतो. मधलं मांस मेलेलं असतं, तिथून घेतला तर अहवाल खोटाच दिलासा देतो. कुठलीही जखम चार आठवड्यांत भरली नाही की दाखवायची, एवढा एक आकडा प्रत्येकीच्या तोंडी बसव.

उन्हाची बाब थोडक्यात. कोरडेपणाने आणि उन्हाने सोललेला खालचा ओठ, नाकाशेजारी किंवा पापणीच्या कोपऱ्यात हळूहळू वाढणारी चकचकीत काळी गाठ, हे तपासायलाच हवं. जन्मतः रंगद्रव्य नसलेली मुलं आणि किडनी बदललेले रुग्ण यांना मात्र ऊन खरोखर घातक आहे. त्यांना लांब बाह्या, रुंद काठाची टोपी आणि एसपीएफ ३० चं सनस्क्रीन क्रीम लागतंच, दर दोन तासांनी.

प्रश्न हमखास येईल, ‘तपासायला तुकडा काढला की कर्करोग पसरतो ना?’ नाही पसरत. घात होतो तो चुना-सोडा लावल्याने, घोड्याच्या केसाने बांधल्याने, न तपासता जाळून टाकल्याने. मग तपासायला काही उरतच नाही. काढलेला प्रत्येक तुकडा पॅथॉलॉजीला गेलाच पाहिजे. मेलानोमाच्या अहवालात ब्रेस्लो जाडी असते, म्हणजे गाठ त्वचेत किती खोल गेली आहे ते माप. एक मिलिमीटरपर्यंत असली तर भोवतालची एक सेंटिमीटर निरोगी त्वचा काढतात, दोनच्या पुढे गेली तर दोन सेंटिमीटर. तळव्यावर एवढ्या फरकाने टाके की त्वचारोपण हे ठरू शकतं. लवकर या म्हणजे काय, ते या आकड्यांनी सांग. नुसतं ‘घाबरू नका’ म्हणून काही होत नाही.

आणि स्वतःचं विसरू नकोस. महिन्यातून एकदा त्या पायाची जांघ आणि गुडघ्यामागची खाच बोटांनी चाचप. व्रणापासून जांघेपर्यंतच्या पट्ट्यात कातडीखाली टणक दाणा लागला तर पुढच्या तारखेची वाट बघू नकोस. त्वचारोपण केलेल्या जागी संवेदना कमी असते, म्हणून घरातही मऊ तळाची चप्पल हवी आणि रोज रात्री तळवा बघायचा. पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला तुझ्या गाठीचा तुकडा) आणि तपासणीच्या काचा कुठे ठेवल्यात ते वहीत लिहून ठेव.

गटांशिवाय न्हाव्याला भेट, टाळू आणि कानामागची जागा तोच बघतो. मेंदी काढणाऱ्या मुली तळहात बघतात. गावच्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंना तर भेटच. गोंदवून घेणाऱ्या पोरांना सांग, तिळावर गोंदवू नका, खाली काय बदलतंय ते दिसत नाही.

पहिल्या बैठकीला जाताना पिशवीत हातातला आरसा, सहा इंची पट्टी, विजेरी आणि जवळच्या सरकारी रुग्णालयात त्वचारोग विभाग कोणत्या वारी, किती वाजता असतो ते लिहिलेले चाळीस-पन्नास कागद ठेव. वार आधी फोनवर विचारून खात्री करून घे.

सस्नेह आशीर्वाद.