पोराचा खांदा पाच वर्षं थांबणार नाही

चोपडा तालुक्यातून एका वाचकाचं पत्र आलंय. मुलगा चार वर्षांचा. जन्मताना खांदा अडकला, मान ताणली गेली आणि उजव्या हाताच्या नसा दुखावल्या. ते लिहितात, 'घास तोंडाशी नेताना पोऱ्याचं कोपर तुतारी फुंकल्यासारखं वर जातं.' डॉक्टरांनी खांद्याचं ऑपरेशन सांगितलंय, खर्च अडीच लाख. एफडीत 2 लाख 40 हजार आहेत. 'ते म्युच्युअल फंडात टाकून पाच वर्षांत दुप्पट करतो आणि नवव्या वर्षी ऑपरेशन करतो. फंड कोणता घेऊ?'

भाऊ, फंडाचं नाव मी देणार नाही. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे दरसाल जवळपास 15 टक्के, आणि तशी हमी कोणताच फंड देत नाही. पण समजा झाले दुप्पट, तरी खांद्याचं काय?

या मुलांमध्ये हात आत वळवणारे स्नायू जोरकस राहतात, बाहेर वळवणारे दुबळे. ही ओढाताण चालू राहिली की वाढत्या वयात खांद्याचा गोळा मागे सरकतो आणि त्याची वाटी सपाट होत जाते. लहानपणी आखडलेला स्नायू सैल करून, पाठीकडचे स्नायू वळवून जोडले, तर वाटी सुधारायलाही वाव असतो. सांधा फार बिघडल्यावर बहुतेकदा दंडाचं हाड कापून फिरवणं उरतं. त्याने हात सोयीच्या दिशेला येतो, सांधा मात्र तसाच राहतो. नेमकी वेळ सर्जनच सांगतील. त्यांना एवढंच विचारा: 'गोळा जागेवर आहे का, आणि किती महिने थांबता येईल?'

'ऑपरेशननंतर पोलीस भरतीत अडचण नको,' असंही तुम्ही लिहिलंय. हे मनातून काढा. हात वर जाणं आणि बाहेर वळणं सुधारतं, घास सोपा होतो. पण हात दुसऱ्या हातासारखा होत नाही. उलट पाठीमागे हात नेणं काहींना जड जातं. पुढे काही आठवडे प्लास्टर आणि अनेक महिने फिजिओथेरपी असते. जाण्यायेण्यासह त्याचे 50 हजार वेगळे धरा. तुमच्या हिशोबात ते नाहीतच.

आता तुम्ही न विचारलेलं. पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे, 'पोऱ्याच्या दवाखान्यासाठी पॉलिसी काढलीच आहे, वर्षाला 50 हजार, तीन हप्ते झाले.' एजंटाने ही 'दवाखान्यासाठी' म्हणून विकली? 15 वर्षं भरायचे, पहिल्या हप्त्यापासून 20 वर्षांनी साडेतेरा लाख मिळणार. म्हणजे पैसे हातात येतील तेव्हा मुलगा 21 वर्षांचा असेल. परतावा साडेचार टक्के, तुमच्या एफडीहूनही कमी. लहानग्या पोराच्या आजारपणाची भीती दाखवून हे गळ्यात मारलं, याचा मला संताप येतो.

पॉलिसी बंद केली तर कंपनी आज 52 हजार परत देते म्हणता. घ्या. दीड लाखातले लाखभर बुडाले हे खरं, पण ते वसूल करायला आणखी सहा लाख ओतू नका. एफडीचे 2 लाख 40 हजार, हे 52 हजार आणि कापूस विकून डिसेंबरात पॉलिसीचा चौथा हप्ता भरणार होतात ते 50 हजार: झाले 3 लाख 42 हजार. ऑपरेशन आणि फिजिओथेरपी यातच बसतात. एफडी मोडण्याचा दंड दोन-तीन हजार असेल, त्याचा विचार करू नका. त्याआधी रेशन कार्ड घेऊन महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. हे ऑपरेशन योजनेत बसलं तर एफडी वाचेल.

पुढच्या वर्षापासून त्याच 50 हजारांतून तुमच्या नावावर टर्म विमा घ्या, म्हणजे मुदतीत तुमचं काही बरंवाईट झालं तरच घरच्यांना पैसे देणारा विमा. बत्तिसाव्या वर्षी एक कोटीचा विमा साधारण बारा-पंधरा हजारांत मिळतो. घरात कमावणारे तुम्ही एकटे, आणि आज तुमच्या जिवावर तेवढा विमा नाही. सोबत घराचा आरोग्य विमा घ्या. त्यात मुलाचा हा त्रास लपवू नका. जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागेल, बाकी आजार त्याआधीच धरले जातील.

पॉलिसी बंद करायचा फॉर्म एजंटाच्या हाती देऊ नका. शाखेत स्वतः जा, पोच घ्या आणि बँकेतून हप्ता आपोआप कापला जात असेल तर ते डिसेंबरच्या आत थांबवा.