नागपूरच्या उन्हात सरावाला जाताना

प्रश्न : मुलगी पंधरा वर्षांची, वजन ४८ किलो, १५०० मीटर पळते. मे महिन्यात तीन आठवड्यांच्या सराव शिबिरासाठी नागपूरला जाणार आहे. इथे ती रोज पहाटे रंकाळ्याला पळते. तेवढी तयारी पुरेल का?
(एक पालक, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : पळण्याची पुरेल, उन्हाची नाही. आपल्याकडे फार तापलं की वळीव येतो नि संध्याकाळ गार करून जातो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढेही जातो. शरीराला असल्या उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. तेवढ्यात रक्तातला पाण्याचा अंश वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून जाणारं मीठ कमी होतं. पहाटेच्या गारव्यात कितीही पळालं तरी हे घडत नाही.

म्हणून निघायच्या दोन आठवडे आधीपासून दुपारी साडेचारला बाहेर काढा. पहिले दोन दिवस २० मिनिटं, बोलत बोलत पळता येईल इतक्या संथ गतीनं. मग दर दोन दिवसांनी १० मिनिटं वाढवत तासापर्यंत न्या. वेगाचा सराव मात्र सकाळीच ठेवा. शेवटचा आठवडा घरात बसवून ‘आराम’ देऊ नका, आलेली सवय तेवढ्यात उतरायला लागते.

महाराष्ट्र एक्सप्रेसनं जात असाल तर प्रवास चोवीस तासांहून मोठा आहे आणि दुसऱ्या दिवशीची दुपार विदर्भातल्या उन्हात जाते. पोचल्याच्या दुसऱ्या सकाळी ट्रॅकवर उभं राहायचं नाही. पुढचे चार-पाच दिवसही निम्माच सराव, हे प्रशिक्षकांशी आधीच बोलून ठेवा. उन्हाचे त्रास बहुतेक या पहिल्याच दिवसांत होतात, कारण मुलं घरची वेळ गाठायला जातात.

तिथली हवा कोरडी. घाम सुटताच वाळतो, अंग कोरडं राहतं आणि पोरीला वाटतं घामच नाही. टी-शर्टवर मिठाचे पांढरे पट्टे दिसले की समजायचं. नेमका अंदाज वजनावरून येतो. समजा सरावाआधी ४८ किलो, नंतर अंग पुसून ४७.२, मध्ये पाणी प्यायली ४०० मिली. म्हणजे घाम गेला १.२ लिटर. तूट ८०० ग्रॅम, तर पुढच्या तीन-चार तासांत लिटर-सव्वा लिटर घोट घोट भरून काढायचं. तूट किलोभर झाली तर दुसऱ्या दिवशी मध्ये जास्त प्यायला हवं. उलट सरावानंतर वजन वाढलेलं दिसलं तर पाणी जास्त झालंय. नुसतं पाणी ढोसत राहिल्यानं रक्तातलं सोडियम घसरतं, आणि तेही जिवावर बेतू शकतं.

आणखी एक, कूलरचं. कोल्हापूरकर कूलर लावून खिडकी-दार बंद करून झोपतात. मग खोली दमट होते, घाम वाळत नाही, झोप उडते. समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवायला सांगा.

प्रश्न : ओआरएस द्यावं की ग्लुकोज पावडर?
(क्रीडाशिक्षक, कागल)

उत्तर : ग्लुकोज पावडर म्हणजे बहुतेक साखरच, घामातून गेलेलं मीठ त्यातून फारसं मिळत नाही. तासाच्या आतल्या सरावाला पाणी, जेवणात मिठाचं ताक, एवढं बास. लांब सरावाला ओआरएस. २०.५ ग्रॅमचं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. मुलं ते एका ग्लासात ओततात, ते इतकं दाट होतं की पोट बिघडतं. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचाच.

प्रश्न : उष्माघात ओळखायचा कसा? खिशात कांदा ठेवल्यानं टळतो म्हणतात.
(शिबिरासोबत जाणाऱ्या ताई, गडहिंग्लज)

उत्तर : कांदा भाकरीबरोबर खा, खिशात त्याचा उपयोग शून्य. पायात गोळे येणं, मळमळ, गरगरणं ही आधीची पायरी : सावली, पाय वर, ओआरएस. पण मूल असंबद्ध बोलू लागलं, तोल जाऊ लागला किंवा ओळख पटेना, तर तो उष्माघातच समजा, अंग घामेजलेलं असलं तरी. खेळाडूंमध्ये घाम सुरू असतानाही तो होतो. आधी गार करायचं, मग हलवायचं : गार पाण्याच्या टबात मानेपर्यंत बसवा, डोकं धरून ठेवा. टब नसेल तर बर्फाच्या पाण्यात बुडवलेले टॉवेल सर्वांगावर, सतत बदलत, वर पंखा. त्याच वेळी दुसऱ्यानं १०८ ला फोन लावायचा. शुद्ध नीट नसताना तोंडात पाणी ओतू नका. तापाची गोळी इथे काम करत नाही.