बियांपासून वाढवलेलं कोकमाचं रोप कुंडीतून जमिनीत कधी लावावं? झाड नर निघालं तर काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की मुंबईत गॅलरीतल्या कुंडीत बी टाकून आलेलं कोकमाचं रोप आता दीड फुटाचं झालंय, कुडाळजवळ गावी जागा आहे आणि मे महिन्याच्या सुट्टीत जाल तेव्हा लावून यावं असा विचार आहे. आणि झाड नर निघालं तर मेहनत फुकट जाईल ही धास्ती.

मे महिन्यात अजिबात लावू नका. चाकरमानी सुट्टीत येतात, हौसेने रोप लावतात, घराला कुलूप घालून जातात आणि पाऊस यायच्या आत त्याची काडी झालेली असते. मेमध्ये फक्त खड्डा खणा. दोन फूट लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल. जांभा लागला तर पहारीने फोडा, पण उथळ खड्ड्यावर भागवू नका. तो उन्हात तापू दे. जूनमध्ये पाऊस नीट धरला की वरची माती आणि कुजलेलं शेणखत भरा, वाळवीसाठी थोडी निंबोळी पेंड घाला आणि मग रोप लावा. तुम्हाला येता येत नसेल तर शेजाऱ्याला सांगा, पण लावणी पावसातच.

कोकमाला सोटमूळ असतं आणि ते दुखावलं की झाड वर्षभर रुसून बसतं. त्यामुळे रोप उपटून काढू नका, कुंडी फोडा. मातीचा गोळा अख्खा राहिला पाहिजे. तळाशी मूळ गोल गोल फिरलं असेल तर तेवढा वेटोळा धारदार कात्रीने छाटा. गॅलरीत वाढलेल्या रोपाला गावचं ऊन एकदम सोसत नाही. पावसाळा सरला की पश्चिमेकडून झाप (माडाच्या झावळ्यांचं विणलेलं आडोसं) उभं करा. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यायला माणूस हवाच. आळ्यात पालापाचोळा घाला, बुंध्याला चिकटवू नका.

आता नर-मादीचं. हा प्रश्न वाचला आणि मला लिहायला बसावंच लागलं.

आमच्या परसात रातांब्याची, म्हणजे कोकमाचीच, तीन मोठी झाडं होती. दोन फळायची, तिसरं गोठ्यामागे उभं होतं, त्याला कधी रातांबा लागला नाही. आजी त्या तिघांनाही सारखंच शेण घालायची. उन्हाळ्यात रातांबे पिकले की आमचं अंगण लाल व्हायचं. फळ फोडायचं, बिया आणि गर एका भांड्यात, सालं उन्हात. गराच्या रसात मीठ घालून त्यात सालं बुडवायची, परत वाळवायची, परत बुडवायची. साल काळपट, मऊ आणि चिकट झाली की आमसूल झालं. बोटांचा लाल रंग पार जूनपर्यंत जात नसे. बियांचं मुठेल, म्हणजे घट्ट तेल, व्हायचं, ते थंडीत फुटलेल्या टाचांना. दुकानातलं कडक, ठिसूळ आमसूल बघितलं की मला अजून राग येतो. तेवढे हात त्याला लावलेलेच नसतात.

आजी गेली आणि थोरल्या काकांनी गोठ्यामागच्या झाडाकडे बोट दाखवलं. "ह्या झाडाक कधी फळ धरूचा नाय. तोडून टाकया, थंय हापूसचा कलम लावया." मी त्यांना फुलं दाखवली होती. नर झाडाला फुलं झुबक्याने येतात, मधे पुंकेसरांचा पिवळट गोळा. मादीच्या फुलात मधोमध बारीक हिरवी गोळी असते, तोच पुढे रातांबा. मी म्हटलं, काका, हे झाड फळत नाही, पण बाकीची दोन याच्यामुळे फळतात. ते म्हणाले, झाडात कसला बाप नि आई. झाड तोडलं. पुढच्या हंगामांत त्या दोन झाडांवर फळ विरळ होत गेलं. काका अजून सांगतात की पाऊस लवकर येतो म्हणून. अवकाळी पावसाने पिकलेले रातांबे सडतात हे खरंच आहे, पण सडायला आधी धरावे तर लागतात! आमच्याकडे फुलं यायची आणि गळून जायची.

माझा चुलतभाऊ कृषी पदवीधर आहे, तो म्हणतो बियांचा नाद सोड, कलमं आण. कलमाच्या बाजूने त्याचं म्हणणं बरोबर आहे. बियांचं झाड फुलायला सात-आठ वर्षं घेतं आणि तोवर नर की मादी काहीच कळत नाही. मादीवरून बांधलेलं कलम मादीच निघतं, तीन-चार वर्षं आधी फळतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कोकण अमृता आणि कोकण हातीस या जाती चांगल्याच आहेत, हातीसचं फळ तर मोठं असतं. पण सगळ्यांनी फक्त मादी कलमंच लावली आणि जुने नर तोडले, तर वाडीत पराग कुठून येणार? विद्यापीठाचे लोकसुद्धा बागेत थोडी नर झाडं ठेवायला सांगतात. हे मी त्याला दर गणपतीत विचारते आणि तो मोबाईल काढून बसतो.

म्हणून तुमचं रोप नर निघालं तर त्याला हात लावू नका. शेजारी एक मादी कलम लावा, याच पावसात लावा, सात वर्षं थांबू नका. कलम घेताना शेंडा सरळ वर जाणारं घ्या. आडव्या फांदीची काडी बांधलेलं कलम झुडपासारखं आडवं पसरत राहतं. आणि तुमच्याकडे नर जास्तच झाले, तर त्यातल्या एखाद्यावर मादीची डोळकाडी (कलमाची काडी) बांधून घेता येते, झाड मुळापासून तोडावं लागत नाही.

एक सांगायचं राहिलं. वाडीत जवळपास कुणाकडे नर झाड असेल तर तुम्हाला स्वतःचं नर ठेवायची गरज नाही, किडे कुंपण बघत नाहीत. पण आधी जाऊन खात्री करा, डिसेंबर-जानेवारीत फुलं बघून. आणि जागा अगदी समुद्रासमोर उघड्यावर असेल तर खाऱ्या वाऱ्याने कोवळी पालवी करपते, मग माडाच्या किंवा घराच्या आडोशालाच लावा. सुपारीच्या बागेतली अर्धी सावली मिळाली तर सगळ्यात उत्तम.