शीर्षक आणि शब्द : ‘द क्लॅश’च्या गाण्यांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही नाशिकच्या गंगापूर रोड परिसरातील काही मित्रमैत्रिणी रविवारी सकाळी एकत्र जमून ‘द क्लॅश’ या ब्रिटिश पंक (म्हणजे आक्रमक, बंडखोर रॉक संगीताच्या) बँडची गाणी ऐकतो आणि त्यांच्या शब्दांवर चर्चा करतो. ‘लंडन कॉलिंग’ या अल्बममधील शेवटच्या गाण्यावरून आमच्यात चांगलाच वाद झाला. गाण्याचे नाव ‘ट्रेन इन व्हेन’. पण त्यात ना आगगाडी येते, ना शीर्षकाची ओळ. शिवाय मूळ वेष्टनावर या गाण्याचा उल्लेखच नव्हता, असे आमच्यातील एक जण सांगतो. बँडने हे गाणे मुद्दाम लपवले होते का?

उत्तर : वेष्टनाविषयी आपल्या मित्राचे म्हणणे खरे आहे, पण लपवण्याचा हेतू मात्र नव्हता. बँडचे गिटारवादक मिक जोन्स यांनी हे गाणे ध्वनिमुद्रणाच्या अगदी अखेरीस रचले. ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ या साप्ताहिकाच्या अंकासोबत वाचकांना एक पातळ, लवचीक तबकडी भेट द्यायची आणि तिच्यावर हे गाणे द्यायचे, असे ठरले होते. तो बेत फिसकटला तेव्हा अल्बमच्या वेष्टनाची छपाई होऊन गेली होती, म्हणून एकोणिसावे गाणे म्हणून ते दोन तबकड्यांच्या या अल्बमच्या चौथ्या बाजूच्या शेवटी तसेच जोडण्यात आले. डिसेंबर १९७९ मध्ये ज्यांनी ही तबकडी घरी नेली, त्यांनी ती उजेडात तिरकी धरली असती, तर गाणे संपल्यानंतरच्या मोकळ्या चकचकीत पट्टीवर कोरलेले त्याचे नाव त्यांना दिसले असते. नाव होते ते एवढेच.

शीर्षकाविषयी जोन्स यांनीच खुलासा केलेला आहे : गाण्याची लय आगगाडीसारखी होती आणि त्यात हरवल्याची भावना होती. म्हणजे आपण ज्या गाडीचा शोध शब्दांत घेत आहात, ती टॉपर हेडन यांच्या ड्रममध्ये आणि मधूनमधून येणाऱ्या माउथ ऑर्गनमध्ये धावते आहे. ध्रुवपदात वारंवार येणारा प्रश्न ‘तू माझ्या पाठीशी उभी राहिलीस का?’ असा आहे, आणि त्याच शब्दांचे शीर्षक दिले असते, तर बेन ई. किंग यांच्या गाजलेल्या गाण्याशी घोटाळा झाला असता. अमेरिकेत १९८० मध्ये ते स्वतंत्र तबकडी म्हणून निघाले तेव्हा श्रोत्यांच्या सोयीसाठी ध्रुवपदाचे शब्द शीर्षकापुढे कंसात जोडावे लागले, आणि ते तेथील यादीत तेविसाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले.

आपल्या पुढच्या बैठकीसाठी एक सुचवतो. शेवटचे कडवे नीट ऐका. प्रेमभंगाचे दुःख सांगता सांगता हा माणूस अचानक म्हणतो की नोकरी मिळाली आहे खरी, पण तिच्यात भागत नाही. नवे कपडे हवेत, राहायला जागा हवी. विरहगीतात भाड्याचा आणि पगाराचा हिशेब आणणारे हे कडवे मला फार मोलाचे वाटते, कारण ‘पंक बँडने प्रेमगीत कसे काय लिहिले?’ या नेहमीच्या आक्षेपाला त्यात आपसूक उत्तर मिळते.

प्रश्न : ‘व्हाइट रायट’ म्हणजे गोऱ्यांची दंगल. हे शीर्षक उघडउघड वर्णद्वेषी नाही का? माझी मुलगी हे गाणे आवडीने ऐकते, म्हणून सातपूरहून हा प्रश्न विचारत आहे.

उत्तर : आपली शंका रास्त आहे, आणि ती सर्वप्रथम आपल्यालाच आली आहे असेही नाही, इंग्लंडमध्येही अनेकांनी नुसत्या शीर्षकावरून हाच अर्थ काढला. परंतु गाण्याचा जन्म पाहिला की अर्थ नेमका उलटा होतो. ऑगस्ट १९७६ मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल भागात कॅरिबियन वंशाच्या लोकांचा वार्षिक उत्सव सुरू असताना पोलीस आणि कृष्णवर्णीय तरुण यांच्यात मोठी चकमक उडाली. बँडचे गायक जो स्ट्रमर आणि बेस वाजवणारे पॉल सिमोनन त्या वेळी तेथे होते. मार्च १९७७ मध्ये बँडची पहिली तबकडी म्हणून प्रसिद्ध झालेल्या या गाण्यात स्ट्रमर म्हणतात की काळ्या माणसांपुढे अडचणी पुष्कळ आहेत, पण दगड उचलायला ते कचरत नाहीत. गोरी मुले मात्र शाळेत जाऊन मठ्ठ होण्याचे शिक्षण घेतात आणि सांगितले तेवढेच करतात. रोख आहे तो स्वतःच्या जातभाईंच्या मुकाट्याने वागण्यावर. काळ्यांच्या विरोधात उठा, असे येथे कोणी म्हणत नाही. त्यांच्याइतकी हिंमत तुमच्यात आहे का, असे विचारले जाते.

त्याच वर्षीच्या पहिल्या अल्बममध्ये याच बँडने जमैकाच्या ज्युनिअर मर्विन यांचे ‘पोलीस अँड थीव्ज’ हे रेगे गाणे सहा मिनिटे रंगवून गायले, आणि ३० एप्रिल १९७८ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये वर्णद्वेषविरोधी मेळाव्यात हजारोंच्या समुदायापुढे हजेरी लावली. त्यांची बाजू कोणती होती, याबद्दल शंका घ्यायला जागा नाही.

तरीही माझे मत विचाराल, तर हे शीर्षक जोखमीचेच आहे. नॅशनल फ्रंटसारखा कट्टर वर्णद्वेषी पक्ष रस्त्यावर मोर्चे काढत असताना, दोन मिनिटांत संपणाऱ्या आणि आरडाओरड्यात निम्मे शब्द बुडणाऱ्या गाण्याला असे नाव देणे म्हणजे ऐकणाऱ्यावर फार मोठा भरवसा टाकणे होय. शीर्षक भिंतीवर लिहिता येते, कडवे लिहिता येत नाही. मुलीला गाणे ऐकू द्यावे. शब्द मात्र तिच्याबरोबर बसून एकदा वाचावेत.

प्रश्न : मी पंचवटीत राहतो आणि वयाची सत्तरी ओलांडली आहे. नातवाच्या खोलीतून ‘लंडन कॉलिंग’ हे शब्द ऐकले आणि जुना रेडिओ आठवला. बीबीसीच्या उद्घोषणेशी याचा काही संबंध आहे का?

उत्तर : थेट संबंध आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बीबीसीची परदेशांसाठीची प्रसारणे याच शब्दांनी सुरू होत. त्याच धामधुमीत, १९४२ मध्ये, बीबीसीची मराठी सेवाही सुरू झाली होती, त्यामुळे लंडनची ती साद आपल्या मुलखातही पोहोचलेली आहे. स्ट्रमर यांनी तीच धीर देणारी उद्घोषणा उचलली आणि तिच्यातून संकटांची बातमीपत्रे वाचावीत तशी एकामागून एक अरिष्टे सांगितली. त्यातील अणुदुर्घटनेचा उल्लेख मार्च १९७९ मध्ये अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथे झालेल्या अपघाताकडे बोट दाखवतो. पुराची भीतीही कवीची कल्पना नव्हती. थेम्सला भरतीचे पाणी चढून लंडन बुडू नये म्हणून नदीवर प्रचंड दरवाजांचा बंधारा घालण्याचे काम तेव्हा चालू होते, आणि ध्रुवपदाच्या शेवटी गायक सांगतो की मी तर नदीकाठीच राहतो.

पंचवटीच्या माणसाला ही ओळ समजावून सांगण्याची गरज नसावी. गोदावरीला पूर आला की पाणी पात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्यापर्यंत आले की छातीपर्यंत, एवढ्यावरच आपण काय ते ओळखतो. काठावरच्या माणसाच्या बोलण्यात जी धास्ती आणि जी बेफिकिरी एकत्र असते, तीच स्ट्रमर यांच्या आवाजात आहे. नातवाला गाणे अखेरपर्यंत वाजवायला सांगा. आवाज विरत जाताना गिटारमधून तुटक टिकटिक ऐकू येईल. ती मोर्स लिपीतील मदतीची हाक आहे.

प्रश्न : नाशिकरोडला शास्त्रीय गायन शिकते. ‘रॉक द कॅस्बा’ या गाण्याच्या पहिल्याच ओळीत चक्क ‘राग’ हा शब्द ऐकू येतो. माझा ऐकण्यातील भ्रम आहे का?

उत्तर : भ्रम नाही, तो आपलाच राग आहे. १९८२ च्या ‘कॉम्बॅट रॉक’ या अल्बमची तयारी चालू असताना गाणी फार लांबत होती, आणि व्यवस्थापक बर्नी ऱ्होड्स यांनी वैतागून विचारले की प्रत्येक गाणे या रागाइतके लांबलचक असलेच पाहिजे का? स्ट्रमर यांनी तो वैताग जसाच्या तसा एका राजाच्या तोंडी घातला : राजा वादकांना फर्मावतो की तो राग आता बंद करा. पुढे संगीतावर बंदी आणि बंदी झुगारणारी प्रजा, अशी कथा होते. डिस्कोची तबकडी बाळगल्याबद्दल इराणमध्ये फटके मारले जातात, असे स्ट्रमर यांच्या कानावर आले होते. चाल हेडन यांची असून ड्रम, पियानो आणि बेस ही तिन्ही वाद्ये त्यांनीच वाजवली आहेत.

या गाण्याच्या वाट्याला आलेली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकी सैनिकांनी एका बॉम्बवर हे शीर्षक रंगवले. ते कळल्यावर स्ट्रमर यांना रडू आवरले नाही, असे त्यांचे निकटवर्ती सांगत. आता शब्द पाहा. राजा विमानांना बॉम्ब टाकायचा हुकूम देतो, आणि वैमानिक तो पाळत नाहीत. ते कॉकपिटमधील रेडिओवर तेच बंदी घातलेले संगीत मोठ्याने लावतात. ज्या गाण्यात बॉम्ब पडत नाही, त्याचेच नाव बॉम्बवर गेले.

प्रश्न : शब्द कळावेत म्हणून आमच्या गटाने कोणत्या अल्बमपासून सुरुवात करावी? (कॉलेज रोड)

उत्तर : ‘लंडन कॉलिंग’पासून. त्याच्या आतील पाकिटावर गाण्यांचे शब्द दिलेले आहेत, त्यामुळे स्ट्रमर यांचे अस्पष्ट उच्चार आड येणार नाहीत. त्यानंतर पहिल्या अल्बमकडे वळावे आणि ‘आय ॲम सो बोअर्ड विथ द यूएसए’ ऐकावे. जोन्स यांनी ते मुळात एका मुलीला कंटाळल्याचे गाणे म्हणून रचले होते. स्ट्रमर यांनी शीर्षकाच्या शेवटच्या ‘यू’पुढे (म्हणजे ‘तू’) ‘एस’ आणि ‘ए’ ही दोनच अक्षरे वाढवली आणि त्याचे अमेरिकेविरुद्धचे गाणे केले. गटात वाद घालायला ते उत्तम आहे.